सोनोग्राफीला थोरल्या नातवंडाला न्यावं का?



या खेपेचा विषय एका वाचक आजींनी फोनवर सुचवला. त्यांच्या सुनेला पाचवा महिना लागला आहे. घरात सहा वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू. सून म्हणते, पुढच्या तपासणीला पोरीला बरोबर नेऊ, पडद्यावर बाळ पाहून तिला आनंद होईल. आजींना ते रुचत नाही. "आमच्या वेळेला बाळ घरात आल्यावर पोरांना कळायचं. इतकी घाई कशाला? आणि नजर लागली तर?" असं त्यांचं म्हणणं. फोन ठेवता ठेवता हळूच विचारलं, त्या मशीनने पोरांना काही अपाय तर होत नाही ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. अपाय होत नाही. सोनोग्राफी म्हणजे एक्स-रे नव्हे, त्यात किरण नसतात. तो नुसता आवाज असतो, पण इतका बारीक की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. आपल्या कानाला सेकंदाला फार तर २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. पोटावर फिरवायच्या यंत्रातून साधारण २० ते ५० लाख कंपनांचा आवाज निघतो. तो आत जाऊन बाळाच्या अंगावर आपटतो, परत येतो, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन चित्र काढतं. हवेतून हा आवाज नीट जात नाही, म्हणून पोटावर तो गार चिकट पदार्थ चोपडतात. खोलीत बसलेल्या पोराच्या अंगापर्यंत यातलं काहीही पोहोचत नाही.

लोदच्या विमान कारखान्यात ज्यांनी काम केलं त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. धातूच्या आत भेग आहे का, हे अशाच आवाजाने तपासतात. सोनोग्राफी निघाली तीही तिथूनच. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी कारखान्यातलं भेग शोधायचं यंत्र पाहिलं, आणि इंजिनियर टॉम ब्राऊन व डॉक्टर जॉन मॅकव्हिकार यांना जोडीला घेऊन ते माणसाच्या पोटावर लावलं. १९५८ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात त्यांनी ते जाहीर केलं. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणी पहिलटकरीण होत्या तेव्हा हे यंत्र जगात नुकतंच आलं होतं, आपल्यापर्यंत पोहोचायचं तर दूरच. सुईण हाताने चाचपायची, डॉक्टर पोटावर लाकडी नळी टेकवून ठोके ऐकायचे, आणि मुलगा की मुलगी, एक की जुळं, हे बाळ बाहेर आल्यावरच कळायचं. त्यामुळे आजींना हे सगळं घाईचं वाटणं साहजिक आहे.

तरी माझं मत विचाराल तर न्यावं. मात्र प्रत्येक तपासणीला नाही, आणि नेलं तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत आत बसवायला नाही. घरच्यांना एक गोष्ट विसरायला होते. सोनोग्राफी हा बाळ बघायचा कार्यक्रम नाही, ती तपासणी आहे. तपासणीला आपण जातो ते काही बिघाड असेल तर कळावा म्हणून. बहुतेक वेळा काही नसतं. पण शंभर बाळांमागे दोन-तीन बाळांत काही ना काही मोठा जन्मजात दोष असतो, आणि त्यातले बरेच याच खोलीत पहिल्यांदा दिसतात. कधी कधी बाळाच्या हृदयाचे ठोकेच सापडत नाहीत. त्या क्षणी आई पलंगावर पडलेली असते, अंगावरचं पांघरूण बाजूला, आणि कोपऱ्यात सहा वर्षांची पोर पडद्याकडे टक लावून बसलेली. ही वेळ कोणावर येऊ नये. ती टाळता येते, आणि टाळणं पुष्कळसं आपल्याच हातात आहे. ते कसं, ते सांगते.

आधी कोणती तपासणी ते पाहू. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतली तपासणी पुष्कळदा पोटावरून न करता आतून करतात. तिथे मुलांचं काही काम नाही. शिवाय गर्भपाताचा संभव सगळ्यात जास्त पहिल्या १२ आठवड्यांत असतो. आपल्या वाडवडिलांनी तीन महिने होईतो बोलू नये असा जो दंडक घातला, त्याचं कारण ते नजर म्हणाले असतील, पण हिशेब बरोबर होता. लहान पोराला सांगायचं ते त्यानंतरच. पुढची तपासणी मानेमागच्या जाडीची, जिला इथे शकिफूत ओर्पीत म्हणतात. ती ११ व्या आठवड्यानंतर आणि १४ वा पुरा व्हायच्या आत करतात. तिच्यात बाळाच्या दोषांचा अंदाज बांधतात, आईबापांच्या पोटात गोळा आलेला असतो. तिलाही नेऊ नये.

मग येते सकिरात मआराखोत, म्हणजे बाळाच्या एकेका अवयवाची तपासणी. ती लवकरचीही करून घेतात, साधारण १४ ते १६ आठवड्यांना, आणि ती बहुधा आतून असते. उशिराची २० ते २४ आठवड्यांच्या सुमारास पोटावरून होते. आजींच्या सुनेची आता होईल ती हीच. यात डॉक्टर डोक्याचा घेर, मांडीचं हाड, पोटाचा घेर मोजतात. हृदयाचे चारही कप्पे, दोन्ही मूत्रपिंडं, पाठीचा कणा, वरचा ओठ, सगळं एकेक करून पाहतात. अर्धा तास सहज जातो, बाळ आडवंतिडवं वळलं असेल तर आईला बाहेर चालून यायला सांगतात आणि पुन्हा पाहतात. डॉक्टर या वेळात फारसं बोलत नाहीत. तो गप्पपणा भल्याभल्यांना घाबरवतो. गप्प असणं म्हणजे काही वाईट दिसलं असं नव्हे, मोजताना माणूस गप्पच असतो. शिंप्याला माप घेताना कधी गप्पा मारताना पाहिलंय का?

या तपासणीला पोराला न्यायचं असेल तर ते शेवटच्या पाच-दहा मिनिटांसाठी. आधी सगळं पाहून होऊ द्यावं. डॉक्टरांनी "हाकोल बेसेदेर" म्हटल्यावर बापाने दार उघडून बाहेर बसलेल्या पोरीला आत घ्यावं, आणि डॉक्टरांना विनंती करावी की हिला एकदा तोंड आणि हात दाखवा. वेळ असेल तर बहुतेक डॉक्टर आनंदाने दाखवतात. मात्र तोर घेतानाच विचारून ठेवलेलं बरं. कित्येक ठिकाणी मुलांना आत घेतच नाहीत, आणि काही ठिकाणी बरोबर दुसरं मोठं माणूस असेल तरच घेतात. मोबाईलवर चित्रण करायलाही बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

त्याहून सोपी वाट आहे ती शेवटच्या महिन्यांतली. बाळाच्या वजनाचा अंदाज घ्यायला, हआराखात मिश्काल म्हणतात ती, एक छोटी तपासणी होते. तोवर मोठ्या शंका बहुतेक मिटलेल्या असतात, तपासणी पोटावरून आणि थोडक्यात होते. तेव्हा अख्खं बाळ पडद्यात मावत नाही हे खरं, पण गाल, नाक, तोंडात घातलेला अंगठा कधी कधी सुरेख दिसतो. घरात कोणाला आधी गर्भपात झाला असेल, किंवा आईचं मन आधीच धास्तावलेलं असेल, तर मी सकिरात मआराखोत सोडून देऊन याच तपासणीला न्यायला सांगेन. आणि हो, त्या वजनाच्या आकड्यावरून सुनेशी वाद घालू नका. तो अंदाज १० ते १५ टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. साडेतीन किलो सांगितलेलं बाळ तीन किलोचं निघालं तर सून कमी जेवली असा त्याचा अर्थ नाही.

आता आपलं काम. आत आईजवळ बाप असतो. बाहेर पोराजवळ कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे आपण. आईला पलंगावर पडल्या पडल्या पोर सांभाळता येत नाही, बापाने सांभाळायला घेतलं तर तो आईचा हात धरू शकत नाही. सवता किंवा सबा बाहेर बाकावर आहेत एवढ्यावर सगळी गोष्ट जमते. जाताना खाऊ, पाणी, रंगीत पेन्सिली घ्या, तोर वेळेवर लागेल अशी खात्री नाही. पोराला ताप असेल, अंगावर पुरळ असेल, वर्गात कोणाला कांजिण्या आल्या असतील, तर त्या दिवशी घरीच थांबा. बाहेर बाकांवर बसलेल्या सगळ्या गरोदर बायका असतात आणि कांजिण्यांसारखे रोग त्यांच्या बाळांना बाधतात.

आणि निघण्यापूर्वी मुलाशी, सुनेशी एक गोष्ट साफ बोलून ठेवा. काही गडबड निघाली तर बाप बाहेर येऊन एवढंच म्हणेल, "आई, हिला घेऊन घरी जा." त्यावर आपण कारण विचारायचं नाही, चेहरा पाडायचा नाही, पोरीला घेऊन निघायचं. कारण नंतर कळेल. हे आधी ठरलेलं नसेल तर दारातच प्रश्नोत्तरं सुरू होतात, आणि पोरीला सगळं कळतं. आपण मराठीत बोललो म्हणून तिला कळणार नाही, या भरवशावर राहू नका. शब्द कळले नाहीत तरी आवाज कळतो.

वयाचंही पाहावं लागतं. तीन वर्षांच्या नातवाला नेण्यात अर्थ नाही. काळोख्या खोलीत, गार चिकट काहीतरी लावून इम्मा पडली आहे, हेच त्याच्या लक्षात राहील आणि तो तिच्या अंगावर चढायला बघेल. त्याला चित्र घरी दाखवा. चार ते सात-आठ वर्षांची मुलं उत्सुक असतात, त्यांना नेण्यात मजा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला सगळं समजतं, आईच्या चेहऱ्यावरची काळजीसुद्धा. त्याला आधी विचारा. त्याला लाज वाटत असेल, यायचं नसेल, तर ओढू नका. त्यावरून बाळावर त्याचं प्रेम नाही असं ठरत नाही.

नेण्याआधी दोन दिवस पोरीची थोडी तयारी करून घ्यावी. तिच्या डोक्यात पुस्तकातलं गुबगुबीत बाळ असतं, आणि पडद्यावर दिसतं करडं ढगाळ काहीतरी. समोरून पाहिलं तर तोंड कवटीसारखं दिसतं, डोळ्यांच्या जागी काळी भोकं. मोठी माणसंही दचकतात. म्हणून आधीच सांगा की पाणी काळं दिसतं, हाड पांढरं दिसतं, आणि बाळ पाण्यात पोहतंय. तिच्या स्वतःच्या वेळचा फोटो घरात असेल तर तो काढून दाखवा, "ही तू." याहून चांगली तयारी दुसरी नाही. आकारही सांगा. १२ आठवड्यांचं बाळ मोठ्या लिंबाएवढं, पाचसहा सेंटिमीटर. २० आठवड्यांचं डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे चांगल्या लांब केळ्याएवढं. फूटपट्टीवर दाखवलं की मुलांना फार आवडतं. आत गेल्यावर ठोके ऐकवले तर तिला स्वतःच्या छातीवर हात ठेवायला सांगा. बाळाचं हृदय मिनिटाला ११० ते १६० वेळा पडतं, आपलं ६० ते १००. "ते इतकं पळतंय का?" असं ती विचारेल. लहान हृदय भरभर चालतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

प्रश्न तर येणारच. बाळ पोटात कसं गेलं? इम्माने फलाफल खाल्लं तर त्याच्या डोक्यावर पडतं का? हसू नका. पोरांना खरंच वाटतं की बाळ जेवणाच्या पोटात आहे. जेवणाची पिशवी वेगळी, बाळाची वेगळी, हिब्रूत तिला रेहेम म्हणतात आणि मराठीत गर्भाशय, असं सरळ सांगावं. आपल्याला लाज वाटते, त्यांना वाटत नाही. जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, पुढचं आईबापांवर सोडायचं. अजून किती दिवस, हा त्यांचा दुसरा प्रश्न. पाच वर्षांच्या पोराला चार महिने म्हणजे अख्खं आयुष्य. आठवडे सांगून उपयोग नाही. पेसाह होऊन गेल्यावर, सुक्कोतच्या सुमारास, असं सणावरून सांगा, ते त्यांना धरता येतं. तारीख मात्र सांगू नका, बाळं तारीख पाळत नाहीत.

नजरेचं काय? मी कोणाची समजूत मोडायला बसलेली नाही. बाळाचे कपडे, पाळणा आधी घरात आणू नये ही रीत इथे इतर यहुदी घरांतही पाळतात, आणि पोटुशीला माझाल तोव न म्हणता बेशाआ तोवा म्हणतात ते त्याच भावनेने. ती रीत पाळूनही नातीला चित्र दाखवता येतं. फोटो सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, एवढं केलं की आजींचंही समाधान आणि सुनेचंही.

आता अवघड भाग. समजा तपासणीत वाईट निघालं, आणि पोरीला बाळ येणार हे ठाऊक आहे. तिला आत नेलं नव्हतं हे बरंच झालं, पण सांगावं तर लागेलच. आपल्या पिढीत हे सांगत नसत. आपल्यापैकी कित्येकींचं एखादं मूल पोटात किंवा बाळंतपणात गेलं. कोकणात असताना, मुंबईत असताना, इथे आल्यावरच्या पहिल्या वर्षांत. घरात त्याचा उच्चार झाला नाही, थोरल्या मुलांना कोणी काही सांगितलं नाही, आणि आपणही तोंड मिटून चूल पेटवली. मुलांना ते तेव्हाही कळत होतं. फक्त विचारायचं कोणाला हे कळत नव्हतं.

चार-पाच वर्षांचं पोर समजतं की जगात जे घडतं ते आपल्यामुळे. "मला बाळ नको" असं ती एकदा रागाने म्हणाली असेल, तर बाळ गेलं ते त्यामुळे, असा तिचा हिशेब होतो, आणि ती तो कोणाला सांगत नाही. म्हणून सांगताना हे आवर्जून सांगायचं. सोप्या शब्दांत, तिला येते त्या भाषेत, आपली हिब्रू मोडकी असली तरी चालेल. बाळाची वाढ थांबली. बाळ वारलं. इम्मा आणि अब्बा रडतात कारण त्यांना वाईट वाटतं. तू काही बोललीस, काही केलंस म्हणून हे झालं नाही, इम्मानेही काही केलं नाही. इतकंच. बाळ झोपलं असं म्हणू नका, मग पोर रात्री झोपायला घाबरतं. बाळ हरवलं असंही नको, ते शोधायला निघतं. ती दोन मिनिटांनी खेळायला पळाली तर तिला काही वाटलं नाही असं समजू नका. आठ दिवसांनी, आंघोळ घालताना, ती अचानक पुन्हा विचारेल. तेव्हा तेच शब्द पुन्हा सांगायचे. आणि सुनेला "होईल दुसरं" असं लगेच म्हणू नये. तिला हे बाळ हवं होतं.

दोन गोष्टी विकत घेऊ नका. काही दुकानांत नुसते सुंदर फोटो काढून देणारी सोनोग्राफी करतात, डॉक्टरांची गरज नसताना. या आवाजाने आतली ऊब किंचित वाढते. तपासणीपुरती ती चालते, हौसेसाठी तासभर कशाला? दुसरं, बाळाचे ठोके घरी ऐकायचं छोटं यंत्र. आजी-आजोबांना भेट म्हणून ते द्यावंसं वाटतं. त्यात आईच्या स्वतःच्या नाडीचा आवाज बाळाचा समजून घरचे निर्धास्त राहतात. पोटातली हालचाल कमी वाटली की यंत्र लावत बसायचं नसतं, त्याच वेळी इस्पितळात जायचं असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली या दोन्ही गोष्टी टाळायला सांगितलं आहे.

मुंबई-ठाण्याला ज्यांच्या लेकी, भाच्या आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. इथे डॉक्टर मुलगा की मुलगी हे विचारलं की सांगतात, पोरंही वर्गात जाऊन सांगतात. भारतात ते सांगणं गुन्हा आहे. मुली पोटातच मारल्या जाऊ लागल्या म्हणून १९९४ साली कायदा झाला, आणि तिथल्या प्रत्येक सोनोग्राफीच्या दवाखान्यात तशी पाटी लावलेली असते. तेव्हा फोनवर भाचीला "काय सांगितलं, मुलगा की मुलगी?" असं विचारून तिला कानकोंडं करू नका, आणि तिच्या डॉक्टरांना गळ घालायला तर मुळीच सांगू नका.

राहिला फोटो. दवाखान्यात मिळतो तो कागद साध्या फोटोचा नसतो, दुकानातल्या पावतीसारखा उष्णतेने छापलेला असतो. उन्हात, फ्रिजवर लावून ठेवला तर काही वर्षांत पुसट होतो, आणि प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद करायला दिला तर काळा पडतो. मिळाल्या दिवशीच मोबाईलवर त्याचा फोटो काढून साध्या कागदावर एक प्रत छापून घ्या. ती पोरीला द्या, ती त्यावर रंगीत पेन्सिलीने काय काय काढेल. मूळ कागद पाकिटात घालून कपाटात काळोखात ठेवा, वर तारीख आणि आठवडा लिहून.